जोडाजवळची पट्टी

मी निवृत्त झाले तेव्हा आमच्या सानपाड्याच्या सोसायटीने माझा सत्कार केला. नारळ, शाल आणि सेक्रेटरींचं भाषण. ते म्हणाले, "आपल्या जाधव मॅडमनी आयुष्यभर अणुबॉम्बच्या क्षेत्रात देशसेवा केली." मी शाल सावरत बसून राहिले. बॉम्बशी माझा संबंध फक्त दिवाळीत येतो, तोही दोन्ही कान झाकून. पण चहा-समोसे यायचे होते आणि समोरची मंडळी खूश होती, म्हणून मी काही बोलले नाही.

आता या अंकाच्या संपादकांनी नोकरीतला एखादा थरारक प्रसंग मागितला आहे. माझी सगळी नोकरी खुर्चीवर बसून झाली. मी अणुभट्टी चालवली नाही, बांधली नाही. भट्टीत नवीन काही घालायचं असलं की परवानगी द्यावी की नाही हे तपासणाऱ्या बाजूला मी होते. थोडक्यात, समोरच्याने आणलेल्या प्रत्येक गोष्टीत खोट काढण्याचा मला पगार मिळायचा. घरी तेच काम मी फुकट करते असं आमच्या यजमानांचं म्हणणं आहे.

तरी सांगण्यासारखं एक प्रकरण आहे. त्यात माझी चूक आहे, म्हणून ते आजवर कुणाला नीट सांगितलेलं नाही.

आधी थोडं समजून घ्या. अणुभट्टीतलं इंधन म्हणजे खडूच्या तुकड्याएवढ्या काळ्या गोळ्या. त्या एका बारीक, लांब धातूच्या नळीत ओळीने भरतात, दोन्ही टोकांना बूच बसवून वेल्डिंग करतात आणि अशा नळ्यांची जुडी बांधतात. गोळ्या तापतात, नळीबाहेरचं पाणी ती उष्णता घेऊन जातं. नळीचा धातू झिर्कोनियमचा. रोजच्या कामाला सोन्यासारखा. पण अपघात झाला, पाणी थांबलं आणि नळी फार तापली, तर हाच धातू वाफेशी भांडायला लागतो. त्यातून आणखी उष्णता निघते, हायड्रोजन निघतो आणि नळी ठिसूळ होते. जपानमधल्या मोठ्या अपघातात हे सगळ्या जगाने पाहिलं. तेव्हापासून देशोदेशीचे लोक अपघातात जास्त वेळ तग धरणारं इंधन शोधायला लागले. त्यातला एक सोपा मार्ग म्हणजे त्याच नळीवर क्रोमियमचा पातळ लेप द्यायचा. तुमच्या घरच्या नॉनस्टिक तव्यासारखा समजा. लेप शाबूत आहे तोवर काळजी नाही. आणि तवा वापरणाऱ्या कोणत्याही बाईला विचारा, लेप आधी कुठून जातो? मुठीच्या रिव्हेटजवळून.

असं नवीन इंधन परवानगीसाठी आलं की प्रश्न निघतात. लेपाला चरे पडले तर? नळी फुगली तर? आतून वाफ शिरली तर? प्रश्न शंभर निघतात, चाचण्यांसाठी नमुने तापवायच्या भट्ट्या दोन-चार आणि माणसं त्याहून कमी. मग कोणतं संशोधन आधी करायचं, कोणतं नंतर, हे ठरवावं लागतं. त्यासाठी तज्ज्ञांची समिती बसते. आमच्या समितीत नऊ जण होते आणि मी सदस्य-सचिव. सचिवाने मत द्यायचं नसतं, फक्त लिहायचं असतं.

कामाची पद्धत ऐकायला सोपी आहे. प्रत्येक प्रश्न म्हणजे यादीतला एक मुद्दा. प्रत्येक मुद्द्याला दोन शेरे द्यायचे. एक, सुरक्षिततेसाठी हे किती महत्त्वाचं? दोन, याबद्दल आपल्याला कितपत माहिती आहे? शेरे तीनच, जास्त, मध्यम, कमी. प्रत्येकाने शेजाऱ्याकडे न बघता चिठ्ठीवर लिहायचं, मी चिठ्ठ्या उघडून वाचायच्या. ज्यांची मतं टोकाची असतील त्यांनी कारण सांगायचं. महत्त्व जास्त आणि माहिती कमी, असा मुद्दा यादीत वर चढतो. महत्त्व कमी किंवा माहिती भरपूर, तो खाली जातो. शेवटी यादीत एक रेघ मारायची. रेघेच्या वरच्या चाचण्या परवानगीआधी झाल्याच पाहिजेत. खालच्या 'पुढील टप्प्यात'. हा पुढील टप्पा मला पूर्ण नोकरीत कुणी दाखवलेला नाही.

अशा समितीत एकेक नमुने भेटतात. एक प्राध्यापक होते, त्यांच्या मते सगळंच महत्त्वाचं. बाहेरच्या खोलीतल्या पंख्याबद्दल विचारलं असतं तरी त्यांनी 'जास्त' लिहिलं असतं. दुसरे एक होते, ते महत्त्वापुढे कायम 'मध्यम' लिहायचे आणि शांतपणे बिस्किट खायचे. बाहेरून येणारा, नळ्या बनवणाऱ्या कंपनीचा माणूस नळीचा नमुना दोन बोटांत धरून टिचकी मारायचा आणि म्हणायचा, "मॅडम, आवाज ऐका फक्त. असा माल बाहेर मिळणार नाही." मी ऐकायचे. आवाज खरंच छान होता.

त्याच नळ्यांचे पहिले नमुने न्हावा शेवा बंदरात अडकले होते, तीही गंमत सांगते. आत इंधन नव्हतं, नुसत्या रिकाम्या लेप दिलेल्या नळ्या. पण कागदावर 'अणुभट्टीसाठी' असं छापलेलं. माल सोडवणाऱ्या एजंटचा फोन आला. "मॅडम, पेटीला हात लावायचा का नाय? आमची पोरं बाजूला उभी राह्यली हायत." मी म्हटलं, तुमच्या बाथरूमच्या नळाला क्रोमियमच लावलेलं असतं. तो म्हणाला, "नळाला हाय म्हायीत हाय. पन पेटीवर तसं लिवलेलं नाय ना." मुद्दा बिनतोड होता. शेवटी मी स्वतः गेले, पेटी उघडायला लावली आणि नळी हातात धरून उभी राहिले, तेव्हा माल सुटला.

त्या नळ्या गेल्या महाप्याला. महाप्याच्या औद्योगिक वसाहतीत एका संस्थेची प्रयोगशाळा होती, आणि तिथे चाचणीची भट्टी सांभाळायची तृप्ती पाटील. घणसोली गावची, पस्तिशीची, समितीतली सगळ्यांत लहान सदस्य. बोलायची कमी, पण एकदा बोलली की मागे घ्यायची नाही. तिच्याबरोबर म्हात्रे मामा, तंत्रज्ञ, निवृत्तीला आलेले. दोघांनी मिळून एक यंत्रणा उभी केली होती. नळीचा तुकडा वाफेत लाल होईपर्यंत तापवायचा आणि मग एकदम पाण्यात सोडायचा. खऱ्या अपघातात तसंच होतं. तापलेल्या इंधनावर शेवटी पाणी येतं, आणि ठिसूळ झालेली नळी त्या धक्क्यानेच मोडू शकते.

हे सगळं एका मुद्द्यासाठी, यादीतल्या एकतिसाव्या. बूच वेल्ड करायचं तर टोकाशी क्रोमियम चालत नाही, जोड बिघडतो. म्हणून वेल्डिंगआधी टोकाचा लेप खरवडून काढतात. जोडाजवळ एक उघडी पट्टी राहते, नखाएवढी रुंद. तृप्तीचा प्रश्न एवढाच होता, की अपघातात त्या पट्टीचं आणि लेपाच्या काठाचं काय होतं.

बैठकीत हा मुद्दा जेवणाच्या जरा आधी आला. बैठकीचा खरा शत्रू ही वेळ आहे. अध्यक्ष होते रेगे सर. माझे पहिले साहेब, माझे गुरू म्हटलं तरी चालेल. वय अठ्ठ्याहत्तर, कानाला यंत्र, पण डोकं लख्ख. मी चिठ्ठ्या उघडल्या. महत्त्व, बहुतेकांचं मध्यम. माहिती, आठ चिठ्ठ्यांवर 'जास्त', एका चिठ्ठीवर 'कमी'. ती तृप्तीची.

"पाटील, कारण सांगा," रेगे सर म्हणाले.

"सर, ह्याचा डेटा मला कुठे सापडला नाही."

"अहो, जोडाची जागा बाकीच्या नळीसारखीच वागते," प्राध्यापक म्हणाले. "जुनी गोष्ट आहे. सगळ्यांना माहीत आहे."

"साध्या नळीचं म्हणताय ना सर? आणि तेसुद्धा कुणी केलेलं मला दिसलं नाही."

"किती ठिकाणी छापलंय ते," दुसरे कोणी म्हणाले. बाहेर ताटांचा आवाज सुरू झाला होता. रेगे सरांनी घड्याळ पाहिलं आणि पुढे चला म्हणाले. मी वहीत लिहिलं, 'श्रीमती पाटील यांच्या मताची नोंद घेतली.' सरकारी मराठीत याचा अर्थ कुणी ऐकलं नाही असा होतो, आणि लिहिणाऱ्याला तो पक्का ठाऊक असतो.

एकतिसावा मुद्दा रेघेच्या खाली गेला. म्हणजे ती चाचणी होणार नव्हती, नळ्या तशाच अणुभट्टीत जाणार होत्या आणि महाप्याची यंत्रणा उतरवून तिथे दुसरं काम लागणार होतं. महिन्याभराने अंतिम बैठक, त्यात सह्या झाल्या की विषय बंद.

दोन दिवसांनी मी दुसऱ्या एका कामासाठी महाप्याला गेले. तृप्तीने मला गेटबाहेरच्या टपरीवर गाठलं. तुर्भ्याकडे जाणारे ट्रक समोरून धडधडत होते, त्यामुळे ती जवळ येऊन बोलली.

"मॅडम, रागावू नका. एक विचारू?"

"विचार."

"आठ जणांनी लिहिलं, माहीत आहे म्हणून. कुठल्या कागदात माहीत आहे ते कुणी सांगितलंच नाही. मला एक कागद दाखवा, मी गप बसते. आईशप्पथ."

मला थोडा रागच आला. नऊ जणांची समिती, त्यातले निम्मे हिच्या जन्माआधीपासून या कामात. पण मागणी रास्त होती, आणि कागद शोधणं हे सचिवाचं काम. मी म्हटलं, दाखवते.

आमच्या ग्रंथालयात मी दोन दिवस बसले. सुरुवात अगदी अलीकडच्या अहवालापासून केली. त्यात ते वाक्य होतं, जोडाची जागा नळीसारखीच वागते, आणि पुढे संदर्भ क्रमांक. तो संदर्भ काढला. त्यात तेच वाक्य, पुढे आणखी जुना संदर्भ. तो काढला. तिसरा, चौथा. प्रत्येकाने आधीच्याचं नाव घेतलेलं, कुणीही चाचणी केलेली नाही. परदेशी परिषदेतला एक निबंध सापडला तेव्हा मला हायसं वाटलं, बाहेरच्यांनी तरी केलं असेल. त्यानेही आमचाच अहवाल दाखवला होता. पाचवा कागद कपाटाच्या तळाशी होता, पस्तीस वर्षांपूर्वीचा, टाचण्या गंजलेल्या. मुखपृष्ठावर दोन नावं. रेगे सरांचं आणि माझं.

आतलं पान उघडायच्या आधीच मला आठवलं होतं.

त्या वेळी मी नवी होते. साध्या नळ्यांवरचा तो अहवाल होता. जोडाची चाचणी करायची ठरली होती आणि आमच्या चाचणीच्या भट्टीची तार जळाली. नवीन तार यायला कित्येक महिने लागणार होते, अहवाल त्या आठवड्यात द्यायचा होता. रेगे सर म्हणाले, आता धरून चाल, खाली टीप लिही. मी आत व्यवस्थित लिहिलं की जोडाची जागा नळीसारखी वागते असं धरलं आहे, चाचणीनंतर हे तपासावं. मग सारांश लिहायला घेतला. सारांश एका पानात बसवायचा होता आणि दोन ओळी जास्त होत होत्या. मी 'असं धरलं आहे' आणि 'तपासावं' हे दोन्ही गाळलं. उरलं ते वाक्य किती ठाम दिसत होतं. भट्टी पुढे दुरुस्त झाली, पण तोवर आम्ही दुसऱ्या कामाला लागलो होतो. आणि अहवालाचा सारांशच वाचला जातो, हे मी तेव्हा शिकले नव्हते.

मला लाज वाटली. साधी, शाळेत वाटते तशी लाज. आठ तज्ज्ञांना माहीत असलेली गोष्ट म्हणजे सारांश एका पानात बसावा म्हणून मी केलेली काटछाट होती. आणि ज्या मुलीने ते ओळखलं, तिच्या नावापुढे मी 'नोंद घेतली' लिहून जेवायला गेले होते. त्या दिवशी आमटी छान होती हेसुद्धा मला आठवत होतं.

रेगे सरांना आधी सांगणं भाग होतं. ते वाशीला राहतात. मी सकाळी गेले, अहवाल पिशवीत घालून. त्यांनी चष्मा लावून सारांश वाचला, मग आतलं पान, मग पुन्हा सारांश.

"मग? आता काय करायचं म्हणतेस?"

"बैठकीत सांगायचं, सर. एकतीस परत मतदानाला घ्यायचा."

"सुमन, पस्तीस वर्षं झाली. साध्या नळ्या अणुभट्ट्यांमध्ये चालल्यात, काही झालं का?"

"अपघात झाला नाही, सर. म्हणून काही झालं नाही."

त्यांच्या घरासमोर कसलंसं खोदकाम चालू होतं, त्याचा आवाज येत होता. त्यांनी कानातलं यंत्र काढून टेबलावर ठेवलं. मला वाटलं आता ऐकायचंच नाही असं ठरवलं त्यांनी. मग तेच म्हणाले, जरा मोठ्याने, यंत्र नसलेली माणसं बोलतात तसे, "सही माझी आहे. मी वाचून सही केली होती. मला दिसलं नाही."

"वाक्य मी गाळलं होतं."

त्यांना ऐकू गेलं नाही. मी कागदावर लिहून दाखवलं. त्यांनी वाचलं आणि त्याखाली आपल्या बारीक अक्षरात लिहिलं, 'ज्युनियरने गाळलं तर सीनियरने धरायचं असतं.' मग यंत्र परत लावून म्हणाले, "तू काही बोलू नको बैठकीत. मी सांगतो."

अंतिम बैठक त्यांनी नेहमीसारखी सुरू केली. एकेक मुद्दा वाचायचा, कुणाची हरकत नसली की पुढे. अठ्ठावीस, एकोणतीस, तीस. सरांनी पान उलटलं. माझ्याकडे एकदा पाहिलं, पेला उचलून पाणी प्याले आणि म्हणाले, "बत्तीस."

मला त्यांचा राग आला नाही. शाळेतल्या मुलांनी घ्यावं तसं या खोलीतल्या सगळ्यांनी त्यांचं नाव आदराने घेतलेलं. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी एवढ्या माणसांसमोर तो मान उतरवून ठेवायचा म्हणजे जड जातं. पण समोर तृप्ती बसली होती. तिने यादीवर पेन टेकवलं होतं, एकतीसवरच, आणि ती काही बोलणार नव्हती. तिची नोंद एकदा घेऊन झाली होती.

सचिवाने हात वर करायची पद्धत नाही. मी केला.

"सर, एकतीस राहिला."

खोलीत कुणाला काही कळलं नाही. मी पाचही अहवाल टेबलावर एकाशेजारी एक मांडले आणि कुणाचं बोट कुणाकडे आहे ते सांगितलं. शेवटचा माझा आहे म्हणून सांगितलं. दोन ओळी कशा गाळल्या तेही. प्राध्यापक म्हणाले, "पण मॅडम, हे तर मी कित्येक वर्षं विद्यार्थ्यांना शिकवतोय." मी म्हटलं, "मला माहीत आहे, सर. तुमच्या पुस्तकाचाही संदर्भ आहे ह्यात." त्यांनी पाचवा अहवाल स्वतःकडे ओढून सारांशाचं पान उघडलं. मला त्यांची दया आली. मी टाकलेल्या खोट्या नाण्यावर त्यांनी बिचाऱ्यांनी दुकान चालवलं होतं.

मग रेगे सर बोलले. "अहवालावर पहिली सही माझी आहे. जाधव मला आधी सांगून गेली होती. मी सांगतो म्हणालो होतो आणि आत्ता मी पान उलटलं. तुम्ही सगळ्यांनी पाहिलं." एवढं बोलून त्यांनी स्वतः उठून कोऱ्या चिठ्ठ्या वाटल्या. अध्यक्ष चिठ्ठ्या वाटत नाहीत, ते शिपायाचं काम, पण कुणी त्यांना थांबवलं नाही.

नऊ चिठ्ठ्या उघडल्या. महत्त्व जास्त. माहिती कमी. 'मध्यम'वाल्या साहेबांनीसुद्धा. एकतिसावा मुद्दा यादीत तिसऱ्या जागी गेला.

तृप्तीला आनंद झाला असेल असं मला वाटलं होतं. बाहेर पडताना ती म्हणाली, "मॅडम, तुमी उगाच सगळं अंगावर घेतलंत. मला नुसती टेस्ट पाहिजे होती."

"मला सांगून टाकायचं होतं गं," मी म्हटलं. ती म्हणाली, "बरं," आणि माझ्या हातातली अहवालांची पिशवी घेऊन गाडीपर्यंत आली.

चाचणीचा दिवस उजाडला तोवर मी निवृत्त झाले होते. वर सांगितलेला सत्कार मधल्या काळातला. तृप्तीने मला आणि रेगे सरांना पाहुणे म्हणून बोलावलं. सरांना जिना चढवत नव्हता, म्हात्रे मामांनी त्यांच्यासाठी खालीच भट्टीपासून जरा दूर खुर्ची मांडली, वर गादी टाकली. म्हणाले, "साहेब, हितं बसा. हितून सगला दिसतं. पानी उडला तरी तुमच्या अंगाव येनार नाय."

तृप्तीने आधी साधी नळी घ्यायची ठरवलं होतं, लेप नसलेली. मी विचारलं, ही कशाला? ती म्हणाली, "जुनं वाक्य साध्या नळीचं होतं ना. आधी ते तर बघू." देशात इतकी वर्षं ज्या नळ्या चालल्या त्या याच होत्या. माझं वाक्य त्यांच्यासाठी खोटं निघालं असतं तर ते घेऊन मी कुठे गेले असते, मला अजून ठाऊक नाही.

तुकडा तापला, लाल झाला, म्हात्रे मामांनी खटका ओढला. पाणी उसळलं, वाफेचा लोट आला. चिमट्याने तुकडा बाहेर काढला. काळाठिक्कर, पण अख्खा. दुसरा, अख्खा. तिसराही. म्हात्रे मामांनी जोडावर हातोडीने हलकेच ठोकून दाखवलं. "घट हाय, साहेब." रेगे सरांनी डोळे मिटले. त्यांचे ओठ हलत होते. ते देवबिव मानणारे नाहीत, पण मी विचारलं नाही. माझ्या स्वतःच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि वाफेमुळे आलं असं म्हणायची सोय होती. इतकी वर्षं आम्ही नशिबाने बरोबर होतो. तपासून बरोबर असण्याचं समाधान त्यात नव्हतं, पण मी तेवढ्यावर खूश होते.

मग लेपाचा तुकडा. चकचकीत, जोडाजवळ तेवढी ती उघडी पट्टी. तापला, लाल झाला. खटका. पाण्यात पडताना काचेचा बारीक पेला तडकावा तसा आवाज आला. सरांना तो ऐकू गेला नाही, ते माझ्या तोंडाकडे बघायला लागले. म्हात्रे मामांनी चिमट्याने आधी नळी काढली, मग पुन्हा हात घालून बूच वेगळं काढलं. लेपाच्या काठावर, पट्टीच्या कडेकडेने, गोल तुटलं होतं.

"मोरला, साहेब," म्हात्रे मामा म्हणाले. मोडला म्हणायला त्यांच्याकडे तोच शब्द. दोन्ही तुकडे त्यांनी फडक्यावर शेजारी ठेवले.

दुसराही तसाच तुटला. तिसरा टिकला, पण काठाला चीर होती. तृप्ती फोटो काढत होती, मापं घेत होती, तिच्या चेहऱ्यावर जिंकल्याचं काही दिसत नव्हतं. एकदाच ती मला हळू म्हणाली, "मॅडम, ह्या गेल्या असत्या ना आत." मी तिच्या पाठीवर हात ठेवला. दुसरं काय करणार.

पुढचं थोडक्यात सांगते. कंपनीच्या माणसाने आधी नाराजी दाखवली. मग काही महिन्यांनी, मला नंतर कळलं तसं, वेल्डिंग झाल्यावर पट्टीवर पुन्हा लेप चढवलेले नमुने घेऊन आला. टिचकी न मारता ते टेबलावर ठेवले आणि म्हणाला, "पाटील मॅडमना तपासू द्या आधी." त्या नमुन्यांच्या चाचण्या अजून चालू आहेत. परवानगी मिळेल तेव्हा मिळेल.

पण मला त्या दिवसाचं शेवटचं सांगायचं आहे. तृप्तीने चाचणीचा कागद भरला. वर तुकड्यांचे क्रमांक, तापमान, वेळ, खाली निरीक्षणं, सगळ्यांत खाली सह्यांसाठी दोन रकाने, चाचणी घेणारा आणि साक्षीदार. साक्षीदाराची सही प्रयोगशाळेतल्या कुणाचीही चालते, बहुतेक म्हात्रे मामाच करायचे. रेगे सर म्हणाले, "मी करू का?"

तृप्तीने कागद त्यांच्यापुढे धरला आणि कुठे सही करायची ते बोटाने दाखवलं. त्यांनी तिचं बोट बाजूला केलं. चष्मा पुसला. पहिल्या ओळीपासून वाचायला लागले. प्रत्येक आकड्यावर पेनचं टोक ठेवत, मध्येच फडक्यावरचा तुकडा उचलून त्याचा क्रमांक कागदाशी ताडून बघत. चहा आला, गार झाला. म्हात्रे मामा भट्टी बंद करून येऊन उभे राहिले. एके ठिकाणी ते थांबले. "इथे 'जोड तुटला' लिहिलंयस. जोड नाही तुटला. लेपाचा काठ तुटला. जोड शाबूत आहे."

तृप्तीने पाहिलं, मान हलवली, ओळ खोडली आणि दुरुस्त केली.

मग त्यांनी सही केली. कागद माझ्याकडे सरकवला.

"सर, माझी कशाला? मी आता कुणी नाही इथे."

"वाच आधी," ते म्हणाले.

मी पूर्ण कागद वाचला, दोनदा. मग त्यांच्या सहीशेजारी जागा नव्हती म्हणून समासात, उभी, माझी सही केली आणि खाली तारीख घातली.